राख आणि राखण

कालप्रवासाच्या कथांत एक नियम आता स्मृतिवचनासारखा मानला जाऊ लागला आहे. पुढच्या शतकातून मागच्या शतकात गेलेल्या माणसाने तेथे वाटेल तितके हिंडावे, तेथले अन्न खावे, तेथल्या माणसांशी मैत्री जोडावी. परंतु जे घडले म्हणून ग्रंथांत लिहिले आहे त्यास बोट लावू नये. हा नियम मोडू पाहणारास कथेच्या अखेरीस शासन होते, आणि तो पाळणारास प्रौढ विवेकाचे प्रशस्तिपत्र मिळते. श्रोत्यांच्याही तो इतका अंगवळणी पडला आहे की, तो इतिहासाविषयीच्या आदरातूनच निघाला असला पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत झालेली दिसते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या नियमात इतिहासाचा आदर नाही. इतिहास म्हणजे काय याचे विस्मरण आहे. हे विस्मरण केवळ करमणुकीच्या नाटकापुरते राहिले असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. ते नाटकाबाहेर पडून ग्रंथालयाच्या दारापर्यंत येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

विवेचन हवेत राहू नये यासाठी आम्ही एकच नाट्यमाला समोर ठेवतो. 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा भटक्या. त्याचे वाहन म्हणजे 'टार्डिस' नावाचे कालयान, जे बाहेरून लंडनच्या रस्त्यावरील पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसते. आरंभीच्या त्याच्या सोबत्यांत एक शिक्षिका इतिहासाची व एक शिक्षक विज्ञानाचा, अशी मुद्दाम योजना होती. मुलांना खेळता खेळता दोन्ही विषयांची गोडी लागावी हा मूळचा हेतू. १९६४ सालच्या 'दि अ‍ॅझ्टेक्स' या कथेत ही इतिहासशिक्षिका, बार्बरा, मेक्सिकोत उतरते. लोक तिला एका मृत पुजाऱ्याचा अवतार समजतात, आणि हाती आलेल्या त्या अधिकाराने नरबळीची चाल बंद पाडावी असे तिला वाटते. डॉक्टर तिला निक्षून मना करतो. ती ऐकत नाही. आणि शेवटी तिचा प्रयत्न फसतो. प्रस्तुत नियमाची प्राणप्रतिष्ठा येथे झाली. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या कथेत नियम विजयी होतो खरा, पण बार्बराची व्यथा खोटी ठरत नाही. पुढे तिच्या अनुकरणाने निघालेल्या कथांत व्यथा गळाली आणि नियम तेवढा उरला.

१९९९ साली 'बिग फिनिश' या इंग्रज संस्थेने याच डॉक्टरची श्राव्यनाटके काढण्यास आरंभ केला. आपल्याकडे ज्यास श्रुतिका म्हणतात तोच हा प्रकार. फरक इतकाच की, ही नाटके नभोवाणीवर लागण्याची वाट न पाहता तबकडीवर घेऊन ऐकता येत. मूळ मालिकेतून शुद्ध ऐतिहासिक कथानके १९६७ च्या सुमारास जवळजवळ हद्दपार झाली होती. राक्षस व यंत्रमानव यांनी ती जागा घेतली होती. श्राव्यनाटकांनी त्या कथानकांचे पुनरुज्जीवन केले. विद्वज्जनांपैकी काही म्हणतील की, असल्या पोरखेळावर वाङ्मयाच्या मासिकाची पाने कशास दवडावी? त्यांस आमचा प्रतिप्रश्न असा की, सामान्य सुशिक्षित माणूस पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर इतिहास कोठून घेतो? आमच्यासारख्या अध्यापकांच्या ग्रंथांतून खचित नव्हे. तो नाटकांतून, कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून घेतो. ज्या विहिरीचे पाणी गाव पिते तिच्याकडे वैद्याने नाक मुरडून चालत नाही.

शिवाय श्राव्यनाटकाचा एक गुण असा की, तो प्राचीन काळास डोळ्यांच्या जुलमातून सोडवितो. रंगभूमीवर वा पडद्यावर प्राचीन रोम उभे केले की प्रथम दिसतात ते खांब, झगे आणि शिरस्त्राणे. म्हणजे पदार्थसंग्रहालय दिसते, माणसे नंतर. कानाला खांब दिसत नाहीत. कानाला खाणावळीतील भांडण ऐकू येते, फाशांचा खुळखुळाट ऐकू येतो, भीती दाबून बोलणाऱ्या स्त्रीचा श्वास ऐकू येतो. आवाजास शतक नसते. दोन हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य शेजारच्या खोलीत बोलत आहे असा भास दृश्य नाटकास मोठ्या सायासाने साधतो. श्राव्यनाटकास तो जवळजवळ फुकट मिळतो.

सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेले स्टीव्ह लायन्स यांचे 'दि फायर्स ऑफ व्हल्कन' हे नाटक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सिल्व्हेस्टर मॅकॉय यांचा डॉक्टर आणि बॉनी लँगफर्ड यांची मेल ही दोघे इ. स. ७९ मध्ये पाँपेई नगरात येतात. व्हेसूव्हियस फुटण्यास एकच दिवस उरला आहे. येथवर सारे परिचित. परंतु लेखकाने एक विलक्षण गाठ मारून ठेविली आहे. १९८० साली पाँपेईच्या उत्खननात डॉक्टरचे कालयान राखेच्या थरात गाडलेले सापडले, ही बातमी डॉक्टरला आधीच कळून चुकली आहे. ज्या दिवशी आपण येथे उतरलो त्याच दिवशी आपले मरण ठरले, अशी त्याची खात्री होते. आजवर इतरांना काळाचा नियम सांगणारा हा पुरुष प्रथमच स्वतः त्या नियमाखाली सापडतो, आणि पाहता पाहता हातपाय गाळून बसतो. मेल मात्र हार मानावयास तयार नाही. यान सापडले, हे कबूल. पण म्हणून आपण मेलो असे कोणी सांगितले? हा तिच्या साऱ्या वागण्याचा अर्थ आहे. आणि शेवटी तीच खरी ठरते. यान पाँपेईच्या भग्नावशेषांत सापडले हे सत्य. त्यावरून डॉक्टरने काढलेला निष्कर्ष असत्य. पुराव्यातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ पार बदलतो.

आमच्या मते इतिहासशास्त्राची पहिली शिकवण याहून नेटकी कोणत्याही नाटकाने दिलेली नाही. अवशेष खोटे बोलत नाहीत; पण ते बोलतच नाहीत. बोलतो तो आपण, त्यांच्या वतीने. आणि आपण पुष्कळदा अधिक बोलतो.

ही अलंकारिक वाक्ये नव्हेत. खुद्द पाँपेईनेच ती वारंवार सिद्ध केली आहेत. तेथील उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली याने राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्यांत गिलावा ओतून मृतांच्या आकृती उठविल्या. त्यांतील कित्येकांना पुढच्या लोकांनी नाती बहाल केली. 'सोन्याच्या कंकणाचे घर' म्हणून प्रसिद्ध असलेल्या वास्तूत हाती कंकण ल्यालेली एक प्रौढ व्यक्ती व तिच्या मांडीवरचे मूल असे सापडले. पाहणारांनी ही माता व हे तिचे बाळ, असे ठरवून टाकिले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात ती व्यक्ती पुरुष असून मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते असे निष्पन्न झाले. कंकण खरे, देह खरे, मूल खरे. आई तेवढी आपल्या मनातली. एका अनोळखी पुरुषाने मरणाच्या क्षणी परक्याचे मूल जवळ घेतले असेल, ही शक्यता कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

स्फोटाच्या तिथीचीही हीच कथा. धाकट्या प्लिनीने टॅसिटसला लिहिलेल्या पत्राच्या प्रचलित पाठानुसार ती २४ ऑगस्ट. शाळेतल्या पोरालाही पाठ असलेली. परंतु त्या पत्राच्या हस्तलिखितांत तिथीविषयी पाठभेद आहेत, आणि शरद ऋतूतील फळांचे अवशेष अभ्यासकांना फार दिवसांपासून टोचत होते. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तिच्यातील तिथी १७ ऑक्टोबर अशी पडते. वर्ष लिहिलेले नाही. पण कोळशाचे अक्षर भिंतीवर वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून ते ७९ सालचेच असावे असा तर्क करण्यात आला. वाद मिटलेला नाही. तात्पर्य, ज्या घटनेस कालप्रवासी अढळ म्हणून हात जोडतो, तिचा दिवससुद्धा आपणांस निश्चयाने सांगता येत नाही! नगराचा तिसरा हिस्सा अद्याप राखेखालीच आहे. त्यात आणखी किती ओळी आपली वाट पाहत असतील कोण जाणे.

लायन्स यांचे नाटक निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. पात्रांची नावे त्यांनी पाँपेईच्या शिलालेखांतून घेतली, हे स्तुत्य. त्यांतील पोपिडियस सेल्सिनस हा खरोखरीचा. भूकंपाने पडलेले इसिस देवीचे मंदिर त्याच्या सहाव्या वर्षी त्याच्या नावाने पुन्हा बांधले गेले, आणि त्या पुण्याईवर त्या पोरास नगरसभेत जागा मिळाली, असा शिलालेख आहे. पैसा अर्थातच बापाचा. मुक्त झालेल्या दासास त्या सभेत बसता येत नव्हते म्हणून त्याने मुलाकरवी दार उघडले. परंतु युमाकिया या प्रतिष्ठित पुजारिणीस नाटकात ७९ साली बोलती केली आहे. जिने चौकातील भव्य इमारत उभारिली ती युमाकिया ऑगस्टस व टायबेरियस यांच्या काळातील, म्हणजे दोन पिढ्या आधीची. हा कालविपर्यास इतिहासाच्या परीक्षकाने तांबड्या शाईने दाखवावा. तथापि असले दोष क्षम्य होत; टीप दिली की ते सुटतात. न सुटणारा दोष दृष्टीचा असतो, आणि त्याचे उदाहरण याच मालेतील दुसऱ्या एका नाटकात आहे.

'दि कौन्सिल ऑफ नायसिया' हे कॅरोलाइन सिमकॉक्स यांचे नाटक २००५ सालचे. स्थळ बिथिनियातील नायसिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक, साल इ. स. ३२५. सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद बोलाविली आहे. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, की पित्याने निर्मिलेला आहे, हा वाद. दुसऱ्या मताचा पुरस्कर्ता एरियस. त्याच्या विरुद्ध पक्षाचा तरुण अग्रणी अथनेशियस. डॉक्टरबरोबर या वेळी पेरी ही अमेरिकन तरुणी व एरिमेम ही प्राचीन मिसरची राजकन्या आहे. एरियसवर अन्याय होत आहे असे पाहून एरिमेम त्याच्या बाजूस उभी राहते. डॉक्टर नेहमीचा नियम पुढे करतो.

आता पाहा, एरिमेम ख्रिस्तपूर्व १४०० च्या सुमाराची. तिच्या जन्मापासून नायसिया सतराशे वर्षांवर, पुढे आहे. जे पेरीस इतिहास ते एरिमेमला भविष्य. मग तिने कोणत्या न्यायाने हात बांधून बसावे? केवळ पेरी तिच्यानंतर जन्मली म्हणून? असे असेल तर आपणही उद्या कोणतेही चांगले काम करण्याआधी, पुढल्या शतकातील कोणी विद्यार्थी ते परीक्षेसाठी पाठ करीत असेल काय, याचा विचार करीत बसावे! इतिहास नावाचा कोणताही कालखंड नाही. कोणाचा तरी वर्तमान हा दुसऱ्या कोणाचा इतिहास होतो, इतकेच. एरिमेमसारखे पात्र निर्माण करणे हीच या नाटकाची खरी बुद्धिमत्ता. दुर्दैव इतकेच की, जो प्रश्न ती केवळ आपल्या अस्तित्वाने विचारते त्यास डॉक्टरपाशी नियमापलीकडे उत्तर नाही.

बरे, ज्या इतिहासाचे रक्षण डॉक्टर करतो तो तरी इतिहास आहे काय? नायसियात निकाल लागला व जग एका रुळावरून चालू लागले, असे त्याने गृहीत धरिले आहे. वस्तुतः तेथे काय झाले? एरियस हद्दपार झाला आणि काही वर्षांत परत बोलाविला गेला. त्याचा प्रतिपक्षी अथनेशियस धर्माध्यक्ष झाल्यावर एकदा नव्हे, पाच वेळा हद्दपार झाला. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या युसेबियसच्या हातून. म्हणजे एरियसची पाठराखण करणाऱ्याच धर्माध्यक्षाच्या हातून. प्रश्न साम्राज्यापुरता मिटविण्यास ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे दुसरी परिषद भरवावी लागली, आणि स्पेनमधील गॉथ राज्याने एरियसचा पंथ ५८९ साली टोलेडोच्या परिषदेत सोडला. म्हणजे ज्या निकालास धक्का लागला तर जग उलथेल असे सांगण्यात येते, तो निकाल पुढली अडीचशे वर्षे धक्क्यांवर धक्के खात होता. 'अटळ क्षण' ही वस्तू घटनांत नसते. ती पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांत असते, कारण प्रकरण कोठे तरी संपवावे लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. नियमच नसला तर कालप्रवासाच्या कथेत उरते काय? मग जो तो भूतकाळात जाईल, आपल्या आवडीच्या पक्षास जिंकवील, नावडत्यास हरवील. इतिहासाचे खेळणे होईल. आमचे उत्तर असे की, नियम पाहिजे; पण तो हा नव्हे. 'घडलेले बदलू नका' ही आज्ञा व्यर्थ आहे. घडलेले बदलण्याची शक्ती कोणातही नाही, आणि जी गोष्ट शक्यच नाही तिची मनाई करून शहाणपण मिरविता येत नाही. खरा नियम दोन वाक्यांचा आहे. पुरावा हलवू नका; आणि पुराव्याहून अधिक बोलू नका. लायन्स यांचे नाटक हे दोन्ही पाळते. राखेतील यान जागचे हलत नाही, आणि त्यावरून फाजील निष्कर्ष काढणारा डॉक्टर चुकतो. म्हणून ते थोर. नायसियाचे नाटक पुराव्याहून अधिक बोलते आणि वर त्यास काळाचा कायदा म्हणते. म्हणून ते, त्यातील सारे पांडित्य मान्य करूनही, लहान.

आपल्या भाषेत याची जाणीव नवीन नाही. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुष्कळ वाचकांना आठवत असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन येतात, जेथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली व मराठे जिंकले. पराभवाचे शल्य बाळगणाऱ्या कोणाही लेखकास येथे विजयाचे नगारे वाजविण्याचा मोह झाला असता. नारळीकरांनी तसे केले नाही. त्यांच्या प्राध्यापकाच्या खिशात त्या जगातून येते ते बखरीचे एक फाटलेले पान. आणि कथेचा पुढचा सर्व भाग त्या पानाचा अर्थ लावण्यात जातो. वेगळा पाठ सापडला की तो जाळून टाकावयाचा नाही, त्यावर डोके धरून बसावयाचे, ही शास्त्रज्ञाची वृत्ती तेथे इतिहासकाराच्या अंगी दिसते.

परंतु कथेत जे साधले ते व्यवहारात साधले काय? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला. एका ग्रंथातील मजकुराचा राग म्हणून तेथील पुस्तके, हस्तलिखिते, कपाटे यांची नासधूस झाली. ज्या संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, देशोदेशीच्या पोथ्या जुळवून कोणता शब्द कोठे वेगळा आहे तो तळटिपेत प्रामाणिकपणे नोंदविला, त्या संस्थेच्या वाट्यास हे यावे! महाभारताचे पाठभेद सांभाळता येतात, मग बाकीच्या इतिहासाचे का सांभाळता येऊ नयेत? हल्ला करणारांची भावना अशी की, आपण इतिहासाचे रक्षण करीत आहोत. त्या भावनेचा खरेपणा आम्ही क्षणभर मान्य करू. पण रक्षण कशाचे झाले? मागे उरले ते फाटके कागद, म्हणजे जो थोडाबहुत पुरावा काळाच्या तडाख्यातून वाचला होता त्याचीच हानी.

कालप्रवासी डॉक्टर आणि तो जमाव यांना एका पंक्तीस बसविणे अन्यायाचे आहे, हे आम्ही जाणतो. डॉक्टर कागद फाडीत नाही. परंतु त्या दोघांच्या मनात एकच कल्पना आहे: इतिहास पूर्ण लिहून झाला आहे, त्यातील शेवटचा शब्द पडला आहे, आणि आता आपले काम एवढेच की दारात उभे राहून कोणास आत येऊ द्यावयाचे नाही. ही कल्पना जोवर करमणुकीतून निमूटपणे गळी उतरविली जाते तोवर, प्रश्न विचारणारा प्रत्येक अभ्यासक लोकांना काळाचे सूत्र तोडणारा उपद्रवी प्रवासी वाटत राहणार.

म्हणून अशी नाटके लिहिणारांस, आणि आपल्या भाषेत ती लिहू इच्छिणारांसही, आमचे सांगणे आहे. प्राचीन नगरात उतरा, पण राखणदार होऊन उतरू नका. तेथल्या माणसांना ठाऊक नव्हते की आपण प्राचीन आहोत. त्यांना त्यांचा वर्तमान परत द्या. पाँपेईच्या त्या भिंतीवर कोळशाने तिथी लिहिणाऱ्याने ती पुढील एकोणीस शतकांसाठी लिहिली नव्हती. आजच्या दिवसाची नोंद म्हणून लिहिली होती. त्याचा तो 'आज' राखेने राखला. पर्वताच्या राखेस जेवढे साधले तेवढे तरी राखणदारांनी साधावे: जे आहे ते झाकावे लागले तर झाकावे, पण पुसू नये.